यमकातली जागा : दोन चित्रपुस्तके आणि दयेचा बोध

१

बालसाहित्याच्या चर्चेत ‘बोध’ हा शब्द जवळजवळ आरोपासारखा वापरला जातो. गोष्टीच्या शेवटी चिकटवलेले तात्पर्य कलादृष्ट्या उपरे असते, हे समीक्षेने इतक्या वेळा सांगितले आहे की त्याचा पुनरुच्चार करण्याचे कारण उरलेले नाही. तथापि या निष्कर्षाने एक प्रश्न सुटला असे वाटत असले तरी दुसरा, अधिक अवघड प्रश्न तसाच राहतो. वक्तशीरपणा, स्वच्छता, उद्योगीपणा या गोष्टी आज्ञेने शिकवता येतात. आज्ञा पाळली की त्या साधतात. दयेचे तसे नाही. ‘दया कर’ असे सांगितल्यावर मूल जे करते ते आज्ञापालन असते. म्हणजे हे मूल्य विधानातून देताच हातातून निसटते. ते लहान मुलाच्या साहित्यात यायचे असेल तर विधानाखेरीज अन्य मार्गाने, म्हणजे रचनेच्या मार्गाने यावे लागेल. तो मार्ग नेमका कोणता, हा येथे विचाराचा विषय आहे.

शब्दाचीही थोडी अडचण आहे. मराठीतील ‘दया’ उंचावरून खाली येते. तिला दाता आणि याचक लागतात. ‘करुणा’ला तत्त्वज्ञानाचे वजन आहे, ‘माया’ नात्यात वावरते, ‘माणुसकी’त प्राणी मावत नाहीत. इंग्रजीतील ‘काइंड’ हा शब्द ‘किन’ या आप्तवाचक शब्दाच्या कुळातला आहे; आपल्यासारख्याशी जसे वागावे तसे परक्याशी वागणे, असा त्याचा मूळ रोख. पसायदानात भूतमात्रांच्या परस्पर मैत्रीची जी मागणी आहे, तिच्यातील ‘परस्पर’ हा अंश या अर्थाला सर्वांत जवळचा ठरेल. पुढील विवेचनात ‘दया’ हाच शब्द सोयीसाठी वापरला असला तरी ती उंचावरची आहे की परस्परांतली, हा भेद महत्त्वाचा आहे.

२

यमक, चित्र आणि अद्भुत या तिन्हींच्या साहाय्याने मुलांना दया शिकवण्याचा प्रयत्न नवा नाही. आयझॅक वॉट्सने १७१५ मध्ये मुलांसाठी धार्मिक पद्ये लिहिली तेव्हा यमकाचे काम स्पष्ट होते : उपदेश पाठ व्हावा. दीडशे वर्षांनी, १८६५ मध्ये, लुइस कॅरलने ‘अ‍ॅलिस’मध्ये वॉट्सच्या उद्योगी मधमाशीच्या जागी मगर आणून बसवली. ही मगर छोट्या माशांचे हसतमुखाने स्वागत करते, आणि ते स्वागत तिच्या जबड्यात होते. विडंबनाचा विनोद सर्वांना दिसतो. पण त्यात एक समीक्षाही आहे. गोड चालीत म्हटलेले प्रत्येक आतिथ्य खरे नसते, हे कॅरलने दाखवून दिले.

याहून बोधप्रद उदाहरण हाइन्रिख हॉफमनचे आहे. फ्रँकफर्टच्या या डॉक्टरने आपल्या तीन वर्षांच्या मुलासाठी १८४४ च्या नाताळात स्वतः लिहून-रंगवून केलेले पुस्तक पुढच्या वर्षी छापले गेले आणि ‘श्ट्रुवेलपेटर’ या नावाने युरोपभर पसरले. त्यातील एका पद्यकथेत तीन गोरी मुले एका काळ्या मुलाची टिंगल करतात. प्रचंड देहाचा निकोलस येतो, त्यांना समजावतो. ती ऐकत नाहीत तेव्हा त्यांना उचलून शाईच्या दौतीत बुडवतो. ती त्या मुलाहूनही काळी होऊन बाहेर येतात. हेतू नि:संशय दयेचा आहे. परंतु काळेपणाची टिंगल करू नये असे शब्द सांगतात, तेव्हा काळे होणे ही शिक्षा आहे असे चित्र सांगते. पद्याने जे दिले ते चित्राने परत घेतले.

हॉफमनच्या या उदाहरणावरून दोन गोष्टी हाती लागतात. पहिली, यमक स्वभावतः दयाळू नसते. धाक आणि माया दोहोंची वाहतूक ते सारख्याच उत्साहाने करते. हिलेअर बेलॉकने १९०७ मध्ये धाकाच्या पद्यांना हास्यास्पद केले तेव्हाही त्याने हत्यार तेच वापरले. दुसरी, चित्रपुस्तकात पुस्तकाची खरी भूमिका शब्द आणि चित्र यांच्या मधल्या जागेत ठरते. आजच्या कोणत्याही सद्हेतुक चित्रपुस्तकाची परीक्षा याच दोन कसोट्यांवर झाली पाहिजे.

३

जूलिया डोनाल्डसन यांचे शब्द आणि आक्सेल शेफलर यांची चित्रे असलेले ‘रूम ऑन द ब्रूम’ (२००१) हे पुस्तक या परीक्षेसाठी विशेष योग्य आहे. डोनाल्डसन मूळच्या गीतकार. बीबीसीच्या मुलांच्या कार्यक्रमांसाठी त्या गाणी लिहीत. १९९३ मधले त्यांचे पहिले पुस्तकही १९७५ च्या एका गाण्यातून झालेले. आपले घर फार लहान आहे असे वाटणाऱ्या म्हातारीला त्यात एकेक जनावर आत घ्यायला लावले जाते, आणि ती सगळी बाहेर काढल्यावर तेच घर तिला ऐसपैस वाटू लागते. म्हणजे ‘जागा किती’ हा प्रश्न त्यांच्या लेखनात आरंभापासून आहे.

‘रूम ऑन द ब्रूम’ची कथा साधी आहे. एक चेटकीण आपल्या मांजरासह झाडूवर बसून उडते आहे. वाऱ्याने तिची टोपी उडते. एक कुत्रा ती शोधून आणतो आणि झाडूवर जागा मागतो. मग वेणीची फीत उडते. ती एक पक्षी आणतो. मग जादूची कांडी पडते. ती बेडूक आणतो. प्रत्येकाला जागा मिळते. पुढे झाडू मोडतो, प्राणी चिखलात पडतात, चेटकीण एका भुकेल्या ड्रॅगनच्या तावडीत सापडते. चिखलाने माखलेले चौघे एकमेकांवर चढून एक अक्राळविक्राळ राक्षस बनतात आणि ड्रॅगनला पिटाळून लावतात. शेवटी सर्व मिळून नवा झाडू तयार करतात.

या कथेतील दया कोठे आहे, याचे उत्तर आशयापेक्षा रचनेत लवकर सापडते. जागा मागणारा प्राणी आपली ओळख आणि विनंती एकाच द्विपदीत सांगतो. द्विपदी यमकावर मिटते आणि पुढच्या द्विपदीचा पहिलाच शब्द होकाराचा असतो. दोहोंच्या मध्ये विचारविनिमयाला एक ओळही ठेवलेली नाही. चेटकीण किती जण झाले ते मोजत नाही, मांजराला विचारत नाही. दुसऱ्या खेपेस ऐकणाऱ्या मुलाला हा साचा ओळखीचा होतो, आणि तिसऱ्या खेपेस होकार चेटकिणीच्या आधी मुलाच्या तोंडून बाहेर पडतो. आज्ञेने जे साधत नाही ते येथे अपेक्षेने साधते : मूल दयेचा श्रोता न राहता क्षणभर तिचा कर्ता होते.

दुसरे स्थळ अधिक सूक्ष्म आहे. प्रत्येक उमेदवार स्वतःविषयी एकेक विशेषण सांगतो, आणि ती तिन्ही एकमेकांशी यमकात आहेत. कुत्रा उत्साही आहे, बेडूक स्वच्छ आहे. पक्षी मात्र नुसता हिरवा आहे. उत्साह हा गुण आहे, स्वच्छताही गुण आहे. हिरवेपणा हा गुण नव्हे, तो रंग आहे. हा शब्द यमकाच्या सोयीने आला असेल. पण तो आल्यामुळे पात्रतेची सगळी यादीच मोडीत निघते. जागा मिळण्यासाठी गुणी असावे लागते हा समज पहिल्या प्राण्याने निर्माण केला असता. दुसऱ्याने तो सहज पुसून टाकला. हॉफमनच्या पुस्तकात रंग शिक्षा झाला होता. येथे रंग हा आत येण्याचा पुरेसा दाखला ठरतो.

पुस्तकाच्या नावातही हेच घडते. ‘ब्रूम’ या ध्वनीच्या पोटात ‘रूम’ आहेच. झाडूवर जागा आहे काय, या प्रश्नाचे उत्तर कथा सुरू होण्यापूर्वी भाषेनेच देऊन ठेवले आहे.

४

मराठी वाचकाला या ठिकाणी एक जुनी गोष्ट आठवल्यावाचून राहणार नाही. शेणाचे घर पावसात वाहून गेलेला कावळा मेणाच्या घरातल्या चिमणीचे दार ठोठावतो. रचना जवळजवळ तीच आहे : वादळवारा, निवारा असलेली एक व्यक्ती, निवारा मागणारा दुसरा, आणि पुन्हा पुन्हा येणारे पालुपद. फरक उत्तरात आहे. चिमणी दार उघडत नाही. बाळाचे एकेक काम पुढे करून ती कावळ्याला थांबवत राहते. तेथेही मुलाला पालुपद पाठ होते, तेथेही ते आधीच ओरडून सांगते. पण जे ओरडते ती सबब असते.

यावरून चिऊ-काऊची गोष्ट निर्दय आहे असा निष्कर्ष काढणे उतावळेपणाचे होईल. तिच्यात एक वास्तव दडलेले आहे. दाराआड बाळ असलेल्या आईची सावधगिरी तिला ठाऊक आहे. गोष्टीच्या अनेक पाठांपैकी काहींत कावळा आत येतो आणि घात करतो किंवा स्वतःचा घात करून घेतो. म्हणजे दार न उघडण्याला कारण होते, असेही ती सुचवते. शिवाय सांगणाऱ्याच्या आवाजावर तिचा रोख बदलतो. कोणी चिमणीची बाजू घेऊन सांगते, कोणी पावसात भिजणाऱ्या कावळ्याचा आवाज इतका केविलवाणा काढते की ऐकणाऱ्या मुलाचे डोळे भरून येतात. दयेचा उगम त्या वेळी बंद दारासमोर होतो. येथे ती कथेतल्या कोणाजवळही नसते, फक्त श्रोत्याजवळ असते.

ही तुलना डोनाल्डसन यांच्या पुस्तकापुढे एक अडचण उभी करते. जेथे होकार इतका सहज मिळतो तेथे मुलाला दया वाटण्यासाठी काय उरते? कुत्र्याला जागा मिळाली नाही तर काय, ही भीती एकदाही निर्माण होत नाही. शिवाय प्रत्येक प्राणी आधी हरवलेली वस्तू आणून देतो आणि मग मागतो. हा सौदा नव्हे काय, असा आक्षेप घेता येईल. पुढे तेच प्राणी चेटकिणीचा जीव वाचवतात, तेव्हा उपकाराची फेड व्याजासकट पूर्ण होते. दयेचा असा हिशेब जुळवून देणारी गोष्ट मुलाला दया शिकवते की गुंतवणूक?

५

या आक्षेपात तथ्य आहे. २०१२ च्या नाताळात बीबीसीवर दाखवला गेलेला या पुस्तकाचा लघुचित्रपट त्याची अप्रत्यक्ष साक्ष देतो. यान लाखाउअर आणि मॅक्स लँग यांनी दिग्दर्शित केलेल्या आणि पुढे ऑस्करसाठी नामांकन मिळालेल्या त्या चित्रपटात मांजर नाराज आहे. प्रत्येक नव्या प्रवाशागणिक आपली जागा कमी होते, हे त्याला कळते आणि ते त्याच्या तोंडावर दिसते. पद्यात मुळीच नसलेला हा विरोध चित्रपटकर्त्यांना घालावासा वाटला, याचा अर्थ संहितेत एक रिकामी जागा होती. धाकटे भावंड घरी आल्यावर मांडी वाटून घ्यावी लागणाऱ्या मुलाला चेटकिणीपेक्षा हे मांजर अधिक जवळचे वाटेल.

तरीही संहितेचा एवढ्यावर निकाल लावता येत नाही. झाडू मोडतो ही घटना तिच्यात आहे. जागेला मर्यादा होती, आणि ती ओलांडली गेली. अर्थात कवयित्री येथे किंचित हात आखडता घेते : झाडू भाराने मोडला असे न म्हणता, बेडकाने आनंदाने उडी मारली आणि झाडू मोडला असे ती म्हणते. कारण सांगण्याचे काम तिने ‘आणि’वर सोपवले आहे. पण जे शब्द टाळतात ते चित्र टाळत नाही. दाटीवाटीने लादलेला झाडू मुलाच्या डोळ्यांसमोर असतोच. हॉफमनच्या पुस्तकात चित्र शब्दांच्या विरुद्ध साक्ष देत होते. येथे ते शब्दांनी राहू दिलेले बोलते.

यानंतरचा चिखलाचा प्रसंग हा पुस्तकाचा गाभा मानावा लागेल. उत्साही कुत्रा, हिरवा पक्षी आणि स्वच्छ बेडूक, तिघांचीही विशेषणे चिखल पुसून टाकतो. चौघांच्या चार आवाजांचा मिळून एक भयंकर आवाज होतो. ज्यांना एकेकटे येऊन आपली ओळख सांगावी लागली होती, त्यांना आता वेगळी ओळख राहत नाही. आणि चेटकीण, जी आतापर्यंत देणारी होती, ती आता असहाय आहे. उंचावरची दया येथे जमिनीवर उतरते.

शेवटच्या जादूचे स्वरूपही यामुळे बदलते. पहिल्या झाडूवरची जागा चेटकिणीच्या मालकीची होती. दुसरा झाडू कढईतून निघतो तो प्रत्येकाने आणून टाकलेल्या वस्तूंतून : बेडकाचे कमळ, मांजराने आणलेले सूचिपर्णी झाडाचे फळ, पक्ष्याची काटकी, कुत्र्याचे हाड. आणि त्या झाडूवर सर्वांना सारखीच आसने नाहीत. पक्ष्याला घरटे आहे, बेडकाला वरून पडणारे पाणी आहे. ज्याला जे लागते ते त्याला मिळाले आहे. जादू येथे खर्च लपवते हे खरे. पण ती कोणी एकाने दिलेली जागा सर्वांनी मिळून केलेल्या जागेत बदलते, हेही तितकेच खरे. चेटकिणीच्या दयेची फेड तिचा जीव वाचवून झालेली होती. हिशेब तेथेच मिटला असता. नवा झाडू त्या हिशेबापलीकडचा आहे.

ड्रॅगनला मात्र जागा नाही. चाणाक्ष मूल हा प्रश्न विचारते, आणि त्याचे उत्तर संहितेत आहे : ड्रॅगनने जागा मागितलेली नाही, त्याला चेटकीण खायची आहे. चिमणीच्या बंद दारातील शहाणपण या पुस्तकातही एवढ्यापुरते शिल्लक आहे.

६

जादूचा आधार काढून घेतला तर हीच रचना काय करू शकते, याचे उत्तर त्याच जोडीच्या पुढच्या वर्षीच्या ‘द स्मार्टेस्ट जायंट इन टाउन’ या पुस्तकात मिळते. जॉर्ज नावाचा एक गबाळा राक्षस नवे कपडे घेतो आणि नटूनथटून निघतो. नावातील ‘स्मार्ट’चा ब्रिटिश अर्थ टापटीप असा आहे. वाटेत त्याला अडलेले प्राणी भेटतात. टाय जिराफाच्या गारठलेल्या मानेला जातो, सदरा बोकडाच्या होडीचे शीड होतो, बूट घर जळालेल्या उंदराच्या कुटुंबाचे घर होतो, मोजा कोल्ह्याच्या झोपण्याची पिशवी होतो, पट्टा दलदलीवरून कुत्र्याला वाट देतो. पट्टा गेल्यावर विजार गळून पडते.

हे पुस्तक गद्यात आहे. पद्य फक्त जॉर्जच्या गाण्यात आहे. आणि ते गाणे प्रत्येक दानानंतर एका ओळीने वाढते. म्हणजे गाणे हीच नुकसानीची यादी आहे. जितके अंगावरचे कमी होते तितके ओठांवरचे वाढते. गाण्याच्या शेवटी एक ठरलेली जागा आहे : आपण गावातले सर्वांत टापटीप राक्षस आहोत, ही बढाई. विजार गळते तेव्हा चाल तीच राहते, जागा तीच राहते, फक्त विशेषण बदलते. आता तो गावातला सर्वांत गारठलेला राक्षस आहे. मुलाने चार वेळा ऐकलेल्या साच्यात अचानक थंडी शिरते. दयेची किंमत सांगणारे यापेक्षा प्रामाणिक स्थळ या प्रकारच्या साहित्यात क्वचित सापडेल. पालुपदामुळे निर्माण झालेली अपेक्षा मोडूनच ते साधले आहे.

येथे काहीही परत मिळत नाही. टाय जिराफाकडेच राहतो, बुटात उंदीरच राहतात. दुकान बंद असते. जॉर्जला आपला जुना झगा आणि जुनी पायताणे घालावी लागतात. प्राणी कृतज्ञतेने जी भेट आणतात तीत एक कागदी मुकुट असतो, ज्याने थंडी वाजायची थांबत नाही. त्याबरोबरच्या शुभेच्छापत्रात त्याच जागी तिसरे विशेषण येते, सर्वांत दयाळू. हे उघड तात्पर्य आहे, आणि तेवढ्यापुरते ते बोधवादी म्हणावे लागेल. परंतु ते निवेदकाने उच्चारलेले नाही. ज्यांना ऊब मिळाली त्यांनी ते लिहिले आहे. टापटीप, गारठलेला, दयाळू : मधला शब्द गाळून पहिल्यावरून तिसऱ्यावर जाता येत नाही, हे त्या गाण्याच्या रचनेनेच मुलाला शिकवलेले असते.

७

रशियन कवी कोर्ने चुकोव्हस्की यांनी ‘दोन ते पाच’ या आपल्या ग्रंथात दोन गोष्टी आग्रहाने मांडल्या होत्या : या वयात यमक जुळवणे हा भाषा शिकण्याचाच भाग असतो, आणि दुसऱ्याच्या दुःखाने अस्वस्थ होण्याची, दुसऱ्याच्या सुखाने आनंदण्याची शक्ती मुलात जागी करणे हे कथाकाराचे काम असते. वरील दोन पुस्तकांवरून या दोहोंतील संबंध स्पष्ट व्हावा. यमक म्हणजे एका ध्वनीने दुसऱ्याची वाट पाहणे. ही वाट पाहण्याची सवय दयेच्या कामी लावता येते. ती आपोआप लागत नाही, हे हॉफमनने आणि चिमणीच्या पालुपदाने दाखवले आहे.

ही पुस्तके मराठीत आणायची झाली तर अडचण यमकाची वाटते त्याहून खोल आहे. ‘झाडू’च्या पोटात ‘जागा’ नाही. केरसुणी म्हणावे तर लक्ष्मीपूजनाच्या दिवशी तिची पूजा होते. तिच्यावर कोणी बसले तर घरातील आजी पहिल्या पानावरच पुस्तक मिटेल. आणि चेटकीण हा शब्द तरी कितीसा निरुपद्रवी आहे? युरोपात तो जाळपोळीच्या इतिहासातून निघून परीकथेत स्थिरावला. महाराष्ट्रात नंदुरबारच्या सातपुडा भागात बायकांना डाकीण ठरवून छळल्याच्या घटना घडल्या आहेत. एखाद्या व्यक्तीवर करणीचा ठपका ठेवणे गुन्हा ठरवणारा कायदा राज्यात २०१३ मध्ये करावा लागला. ज्या भाषेत हा शब्द अजून कोणाच्या जिवावर उठू शकतो, तिच्यात प्रेमळ चेटकिणीची गोष्ट सांगणे ही केवळ गंमत राहत नाही. टोपी, फीत आणि कांडी हरवणारी, लगेच हो म्हणणारी आणि संकटात इतरांनी वाचवलेली ही बाई ज्या मुलाने मांडीवर बसून ऐकली, त्याच्या कानात त्या शब्दाचा दुसरा एक अर्थ आधीच जाऊन बसलेला असेल. अनुवादकाने म्हणून सौम्य पर्याय न शोधता तोच शब्द ठेवावा, आणि यमक दुसरीकडे जुळवावे.